ताऱ्याच्या पोटातले लोखंड

एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेकडे नजर टाकली की चित्रा नक्षत्राचा निळसर पांढरा तारा सहज सापडतो. नुसत्या डोळ्यांना तो स्थिर वाटतो. प्रत्यक्षात चित्रा ही एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची जोडी आहे, आणि त्यातला मोठा तारा साधारण चार तासांच्या तालावर फुगतो आणि आकसतो, असे विसाव्या शतकातल्या निरीक्षणांत आढळले. पुढे १९७० च्या सुमारास हे स्पंदन क्षीण झाले. वृश्चिकेच्या नांगीतल्या मूळ नक्षत्राचा ठळक ताराही असाच आहे. त्याचे एक स्पंदन पाच तासांच्या आसपास पुरे होते. या जातीच्या ताऱ्यांना बीटा सेफी तारे म्हणतात. ते स्पंदन पावतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होते. का, हे मात्र ऐंशी-नव्वद वर्षे कुणालाही सांगता आले नाही. उत्तर अखेर लोखंडात सापडले, आणि ते बरोबर असल्याची साक्ष कॅलिफोर्नियातल्या एका लेझर प्रयोगशाळेने दिली.

तारा स्पंदन का पावतो, याची कल्पना आर्थर एडिंग्टन यांनी मांडून ठेवली होती. ताऱ्याच्या आत एखादा थर असा असावा की दाबला गेला की तो प्रकाशाला जास्त अडवू लागेल. मग आतून येणारी उष्णता त्या थराखाली कोंडते आणि वरच्या भागाला बाहेर ढकलते. तारा फुगला की तोच थर विरळ आणि पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निसटते, तारा पुन्हा आकसतो. ध्रुवतारा ज्या सेफिड वर्गात मोडतो, त्या वर्गात हे काम हेलियमचा थर करतो, हे १९५० नंतर स्पष्ट झाले. (आपण ज्याला अढळ म्हणतो तो ध्रुवसुद्धा दर चार दिवसांनी स्पंदन पावतो.) पण बीटा सेफी तारे फार तप्त असतात. त्यांच्यात हेलियमचा तो थर पृष्ठभागाच्या इतका जवळ येतो की तिथे ताऱ्याला हलवण्याइतके द्रव्यच उरत नाही. म्हणजे आणखी खोल, दोन-तीन लाख अंश तापमानाच्या जागी, प्रकाश अडवणारे दुसरेच काही असायला हवे होते.

सेफिड ताऱ्यांचीही एक अडचण होतीच. त्यातले काही तारे एकाच वेळी दोन तालांवर स्पंदन पावतात. या दोन तालांच्या गुणोत्तरावरून वस्तुमान काढले तर ते ताऱ्यांच्या जीवनक्रमावरून काढलेल्या वस्तुमानापेक्षा बरेच कमी भरायचे. १९८२ मध्ये नॉर्मन सायमन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने एक लहानसा निबंध लिहिला. जड मूलद्रव्यांमुळे येणारी अपारदर्शकता आपल्या कोष्टकांत आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट धरली, तर सेफिडांचे कोडे आणि बीटा सेफींचे कोडे एकदमच सुटते. तेव्हा अणुभौतिकीच्या मंडळींनी आपली गणिते पुन्हा तपासावीत, अशी त्यांची विनंती होती. हे मला फार धीटपणाचे वाटते. सायमन यांच्या हातात फक्त ताऱ्यांचे ताल होते, आणि त्यांच्या आधाराने ते संगणकांवर वर्षानुवर्षे बसवलेल्या कोष्टकांत दुपटीची चूक असल्याचे सांगत होते.

लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतल्या कार्लोस इग्लेसियास आणि फॉरेस्ट रॉजर्स यांनी गणित नव्याने मांडले. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. दोन-तीन लाख अंशांना त्यातले बरेच निघून जातात, पण तिसऱ्या कवचातले काही टिकून असतात, आणि ते त्या कवचातल्या त्या कवचातच एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत उड्या मारू शकतात. प्रत्येक उडीला विशिष्ट रंगाचा प्रकाश लागतो, म्हणजे तेवढा रंग अडतो. अशा उड्यांचे प्रकार अगणित आहेत. जुन्या गणितात ते पुरेशा बारकाईने धरलेच नव्हते. ते धरल्यावर लोखंडाची अपारदर्शकता नेमकी त्या तापमानाला उसळी घेते, आणि सायमन यांनी मागितला होता तितकाच वाढावा मिळतो.

पण हेही गणितच. १९९२ मध्ये लिव्हरमोरच्या नोव्हा या दहा शलाकांच्या लेझरने लोखंडाचा अतिशय पातळ थर सुमारे तीन लाख अंशांपर्यंत तापवण्यात आला आणि त्यातून पार होणारे किरण मोजण्यात आले. लुईझ दा सिल्वा यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात इग्लेसियास आणि रॉजर्सही सहलेखक होते. मोजलेला वर्णपट नव्या गणिताशी जुळला, जुन्याशी जुळला नाही. ताऱ्याच्या आतला एक थर अशा रीतीने पृथ्वीवर, सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता, तयार करून तपासला गेला. त्याच सुमारास बीटा सेफी ताऱ्यांच्या प्रतिकृती नव्या कोष्टकांनी चालवून पाहिल्यावर त्या आपोआप स्पंदन पावू लागल्या. प्रयोगशाळेतल्या खगोलविज्ञानाची याहून चोख कामगिरी मला दुसरी माहीत नाही.

प्रकाश द्रव्यातून वाट काढतो कसा, हा या सगळ्यामागचा प्रश्न. शास्त्रज्ञ त्याला प्रारणाचे वहन म्हणतात. सूर्याच्या केंद्रात निर्माण होणारी ऊर्जा त्रिज्येच्या जवळजवळ सत्तर टक्के अंतर प्रकाशाच्या रूपाने, मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपाने, पार करते. मोकळ्या अवकाशात सूर्याच्या त्रिज्येएवढे अंतर कापायला प्रकाशाला २.३ सेकंद पुरतात. आत मात्र तो साधारण मिलिमीटरभर जातो न जातो तोच एखाद्या इलेक्ट्रॉनवर किंवा आयनावर आदळतो आणि कोणत्याही दिशेला फेकला जातो. आषाढीच्या गर्दीत हात सुटलेले मूल जसे पुढे चार पावले, मागे तीन पावले करत भरकटते, तशी त्याची गत होते. अशा भरकटण्यात लागणारी पावले अंतराच्या वर्गाने वाढतात. सूर्याची त्रिज्या सात लाख किलोमीटर आणि पाऊल एक मिलिमीटर धरले, तर बाहेर पडायला सुमारे पन्नास हजार वर्षे लागतील असे साध्या गणिताने निघते. बारकाईच्या हिशेबात हा आकडा दहा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत कुठेही जातो, कारण पाऊल सगळीकडे सारखे नसते. शिवाय बाहेर येणारा फोटॉन तोच नसतो. शोषला जाणे, नव्याने बाहेर टाकला जाणे आणि वाटेत क्ष-किरणांचा दृश्य प्रकाश होणे, हे असंख्य वेळा घडलेले असते.

हे पाऊल किती लांब, हे अपारदर्शकता ठरवते. आणि त्यावरून ताऱ्याचे तापमान, आकार, तेज, आयुष्य हे सगळे ठरते. पण ती एका आकड्यात मावत नाही. प्रत्येक रंगाला ती वेगळी असते. एखाद्या रंगाला द्रव्य पोलादी भिंतीइतके बंद, तर शेजारच्याच रंगाला जवळजवळ मोकळे असू शकते. नॉर्वेच्या स्वेन रॉसलंड यांनी १९२४ मध्ये दाखवले की ताऱ्यातून वाहणारी उष्णता ही प्रामुख्याने या मोकळ्या फटींतून निसटते. त्यामुळे भिंत किती जाड यापेक्षा फटी किती रुंद, हे अधिक महत्त्वाचे ठरते. लोखंडाचे मोठेपण इथे आहे. सूर्याच्या वस्तुमानात त्याचा वाटा हजारात एक-दीड भाग इतकाच. पण हायड्रोजन आणि हेलियम ज्या रंगांना मोकळी वाट देतात, त्याच फटी लोखंडाच्या असंख्य रेषा बुजवतात.

या शास्त्राच्या पायाभरणीत आपल्याकडची दोन नावे आहेत. कोणत्या तापमानाला अणूचे किती इलेक्ट्रॉन सुटतात, हे सांगणारे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले. त्याशिवाय अपारदर्शकतेचा हिशेब सुरूच होत नाही. आणि प्रारणाच्या वहनाचे गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९५० च्या ‘रेडिएटिव्ह ट्रान्सफर’ या ग्रंथात ज्या शिस्तीने मांडले, ती शिस्त आजही वापरात आहे. हे गणित अवघड आहे, कारण त्यात सात चल एकदम सांभाळावी लागतात: जागेची तीन, दिशेची दोन, रंगाचे एक आणि काळाचे एक. द्रव्य तापले की त्याची अपारदर्शकता बदलते, अपारदर्शकता बदलली की तापणे बदलते, आणि मध्येच द्रव्य हलूही लागते. महासंगणकालाही इथे काटछाट करावी लागते. कुठली काटछाट चालते आणि कुठली घात करते, हे कागदावर कळत नाही. त्यासाठीच प्रयोग हवा.

असा प्रयोग करायचा तर द्रव्याचा एक कण लाखो अंशांपर्यंत, शक्यतो सगळीकडे सारखा, तापवावा लागतो. लेझर थेट त्याच्यावर रोखून हे साधत नाही. लेझरचा प्रकाश इलेक्ट्रॉन सुटलेल्या दाट तप्त द्रव्यात, म्हणजे प्लाझ्मात, शिरूच शकत नाही, पृष्ठभागावरच अडतो आणि तिथे एक अतितप्त, असमान थर करून ठेवतो. म्हणून मधे एक पायरी घ्यावी लागते. सोन्याची, काही मिलिमीटर आकाराची पोकळ डबी करतात. तिला होलराउम म्हणतात. टोकांच्या भोकांतून लेझरच्या शलाका आत सोडल्या की त्या आतल्या भिंतीवर पडतात, सोने भडकून क्ष-किरण फेकू लागते, ते समोरच्या भिंतीवर शोषले जातात, तीही फेकू लागते. थोड्याच अवधीत डबीचे पोट क्ष-किरणांनी जवळपास एकसारखे भरून जाते. दिशा असलेली, एकाच रंगाची लेझरची ऊर्जा इथे सर्व दिशांनी येणारी, सर्व रंगांची, अगदी ताऱ्याच्या पोटातल्यासारखी होऊन बसते.

तापमान दुप्पट झाले की प्रारणाचा प्रवाह सोळापट होतो. बावीस लाख अंशांच्या डबीत भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर लाख कोटी वॅटपेक्षा जास्त शक्ती कोसळत असते. हे टिकते काही नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात प्रकाश तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळकरी पट्टीएवढा जातो, यावरून हा अवधी किती लहान ते कळावे. तेवढ्यात डबी उधळते. तिच्यासोबत नमुनाही जातो. दर प्रयोगाला नवी डबी, नवा नमुना, आणि तो हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली जुळवणारे कारागीर लागतात. या शास्त्राच्या निबंधांत त्यांच्याबद्दल ओळ-दोन ओळीच येतात, हे मला खटकते. नमुन्याच्या घनतेत राहिलेली काही टक्क्यांची चूक पुढच्या सगळ्या निष्कर्षात उतरते. म्हणजे निष्कर्षाची विश्वासार्हता अर्धीअधिक त्यांच्याच हातात असते.

जगात असे लेझर मोजके आहेत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा ६० शलाकांचा ओमेगा १९९५ पासून चालू आहे. लिव्हरमोरची नॅशनल इग्निशन फॅसिलिटी २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या १९२ शलाका आहेत. अवरक्त प्रकाशापासून सुरुवात करून, स्फटिकांतून नेऊन त्याचा अतिनील प्रकाश केला जातो आणि सुमारे वीस लाख जूल ऊर्जा दहा मीटर व्यासाच्या गोल कक्षात, मधल्या त्या डबीवर एकवटते. ५ डिसेंबर २०२२ रोजी इथेच २.०५ मेगाजूल लेझर ऊर्जा देऊन हायड्रोजनच्या संमीलनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली, ती बातमी मराठी वृत्तपत्रांतही झळकली होती. त्या यशाच्या मुळाशीही होलराउममधल्या क्ष-किरणांवर मिळवलेला ताबा आहे.

हे सगळे ताऱ्यांच्या प्रेमापोटी उभारले गेले, असे म्हणणे खोटे ठरेल. हायड्रोजन बॉम्बमध्ये पहिल्या स्फोटाची ऊर्जा दुसऱ्या भागापर्यंत प्रारणच नेते, आणि म्हणून हे भौतिकशास्त्र कित्येक दशके कुलूपबंद होते. अमेरिकेने शेवटची अणुचाचणी सप्टेंबर १९९२ मध्ये केली. त्यानंतर साठ्यातल्या अस्त्रांची खात्री चाचणीविना करायची, तर संगणकावरचे गणित भरवशाचे हवे आणि ते पडताळायला प्रयोग हवेत, या कारणासाठी या मोठ्या लेझरांना पैसा मिळाला. त्याच काळात होलराउमबद्दलची बरीच गुप्तता उठली. ताऱ्यांच्या अभ्यासकांना या यंत्रांवर मिळणारा वेळ हा त्या मोठ्या कार्यक्रमाचा एक छोटा वाटा आहे. जमिनीखालच्या स्फोटांपेक्षा सोन्याची डबी हजारपट बरी, असे माझे मत आहे. पण हा इतिहास वाचकाला ठाऊक असावा.

वहनाचा सर्वांत निर्भेळ प्रयोग दिसायला अगदी साधा आहे. होलराउमच्या भिंतीला एक भोक ठेवायचे आणि त्याला लागून फेसाने भरलेली, मिलिमीटरभर लांबीची सोन्याची नळी बसवायची. फेस म्हणजे सिलिकाचे एरोजेल, वाळूच्याच द्रव्याचे, पण पाण्याच्या विसाव्या भागाइतके हलके. डबी पेटली की क्ष-किरण फेसात घुसतात. तोंडाशी असलेला थर तापतो, आयनीभूत होतो, पारदर्शक होतो आणि मागून येणाऱ्या किरणांना पुढच्या थरापर्यंत जाऊ देतो. अशी उष्णतेची एक धारदार आघाडी फेसातून सरकत जाते. रॉबर्ट मार्शाक यांच्या नावावरून तिला मार्शाक लहर म्हणतात. युद्धकाळात लॉस अलामोसला काम केलेल्या मार्शाक यांचा आघातलहरींवर प्रारणाचा परिणाम सांगणारा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या लहरीचा स्वभाव असा, की ती सुरुवातीला सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावते, तापलेल्या फेसातल्या ध्वनीच्या वेगापेक्षाही जलद. त्यामुळे द्रव्याला हलायला सवडच मिळत नाही. ते जागच्या जागी तापते. पुढे ती मंदावते, कारण जितके अंतर जास्त तितका उष्णतेचा पुरवठा लांबून यावा लागतो. डबीचे तापमान स्थिर राहिले तर तिने कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट अंतराला चौपट वेळ. वेग ध्वनीच्या खाली आला की चित्र पालटते. तापलेले द्रव्य आता पसरू लागते, पुढच्या थंड द्रव्याला ढकलते आणि उष्णतेच्या आघाडीपुढे एक आघातलहर जन्माला येते. प्रकाशाने चाललेला प्रवास द्रव्याच्या धडकेत बदलतो तो हा क्षण. हलक्या फेसात पहिला प्रकार दिसतो, जड द्रव्यात दुसरा. म्हणून फेस निवडायचा असतो.

ओमेगावर क्रिस्टिना बॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ही लहर तपशिलाने मोजून दाखवली. १९९२ च्या लोखंडाच्या प्रयोगातही बॅक होत्या. वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या घेऊन लहर दुसऱ्या टोकाला केव्हा फुटते, हे त्यांनी स्ट्रीक कॅमेऱ्याने टिपले. हा कॅमेरा एका बारीक फटीतून आलेला प्रकाश काळाच्या अक्षावर ताणून मांडतो, म्हणून नॅनोसेकंदाच्या आतल्या घटना त्यात वेगवेगळ्या दिसतात. डबीचे तापमान सांगायला दांते नावाचे उपकरण असते. क्ष-किरणांचे वेगवेगळे पट्टे गाळून मोजणाऱ्या डायोडांचा तो संच आहे. या मोजमापांतून एक गोष्ट ठळक झाली. नळीची सोन्याची भिंतही उष्णता पीत राहते, त्यामुळे कडेला लहर मागे पडते आणि आघाडी सपाट न राहता मधोमध पुढे फुगते. भिंतीचा हिशेब न धरणारे गणित लहरीला प्रत्यक्षापेक्षा लवकर पोहोचवते.

पण लहर केव्हा पोहोचली हे कळल्याने आत तापमान कसे चढत गेले हे कळत नाही. दोन वेगळ्या चुका एकमेकींना झाकून पोहोचण्याची वेळ बरोबर दाखवू शकतात. म्हणून लॉस अलामोसच्या गटाने ओमेगावर पुढची पायरी घेतली. फेसात टायटेनियम किंवा स्कँडियमचा थोडा अंश मिसळायचा आणि लहर चालू असताना आडवा क्ष-किरणांचा झोत सोडायचा. त्या धातूचे किती इलेक्ट्रॉन सुटले आहेत त्याप्रमाणे झोतातल्या वेगवेगळ्या रेषा शोषल्या जातात, आणि रेषांवरून त्या जागेचे, त्या क्षणाचे तापमान वाचता येते. साहांनी सूर्याच्या वर्णपटासाठी जी वाट दाखवली, तिच्यावरूनच हे वाचन चालते. फक्त इथे दाटी इतकी असते की शेजारच्या कणांचा परिणामही धरावा लागतो.

याच साधनांनी इतरही प्रश्न हाताळले गेले. गरुड तेजोमेघातले वायूचे उंच स्तंभ जवळच्या तप्त ताऱ्यांच्या प्रकाशाने कसे कोरले जातात, हे पाहायला अनेक डब्या एकामागून एक पेटवून प्रकाशाचा स्रोत जास्त काळ टिकवण्यात आला. कॅरोलिन कुरान्झ यांच्या गटाने २०१८ मध्ये नॅशनल इग्निशन फॅसिलिटीवरच्या प्रयोगांतून दाखवले की अतिनवताऱ्याच्या स्फोटानंतर हलके आणि जड द्रव्य एकमेकांत बोटे घालून मिसळते, ती क्रिया तीव्र उष्णताप्रवाह असेल तर बरीच दबते. दोन्ही कामे सुंदर आहेत. पण माझ्या मते आजचा सर्वांत मोठा प्रश्न पुन्हा लोखंडाकडेच येतो, आणि या वेळी तो आपल्या सूर्याचा आहे.

सूर्याच्या आतला प्रकाशवहनाचा भाग कुठे संपतो आणि वरचा खळबळणारा भाग कुठे सुरू होतो, हे आपल्याला अचूक माहीत आहे. सूर्याच्या पृष्ठभागावरची थरथर मोजून हे काढतात. त्यासाठी जगभर बसवलेल्या सहा वेधकेंद्रांपैकी एक उदयपूरला आहे. ही सीमा केंद्रापासून त्रिज्येच्या ०.७१३ पट अंतरावर आहे. या आकड्यातली अनिश्चितता हजारात एकापर्यंत खाली आणणारा १९९७ चा निबंध सरबानी बसू आणि एच. एम. अंतिया यांचा. अंतिया मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, आणि बसू यांचे संशोधनही तिथूनच सुरू झालेले. मराठी वाचकाने हे नाते अभिमानाने लक्षात ठेवावे.

गणित या आकड्याशी जुळतही होते. मग २००५ च्या सुमारास मार्टिन आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या वर्णपटाचे अधिक बारकाईने विश्लेषण करून सांगितले की सूर्यात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे आजवर समजत होतो त्यापेक्षा बरेच कमी आहेत. ही द्रव्ये कमी म्हणजे अपारदर्शकता कमी. ती कमी केली की गणितातली सीमा जागची हलते आणि निरीक्षणाशी बिनसते. यावर एक तोड होती: द्रव्ये खरेच कमी असतील, पण आपण मानतो त्यापेक्षा ती प्रकाश जास्त अडवत असतील. सीमेजवळच्या एकूण अपारदर्शकतेत जवळपास पाव वाटा लोखंडाचा आहे. मग संशय कुणावर जाणार, हे उघड आहे.

सीमेवरचे तापमान बावीस लाख अंशांच्या घरात असते. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या झेड यंत्रावर जेम्स बेली आणि सहकाऱ्यांनी लोखंडाचा नमुना एकोणीस ते तेवीस लाख अंशांपर्यंत नेला. झेड यंत्र लेझर वापरत नाही. ते टंगस्टनच्या बारीक तारांतून अडीच कोटी अँपिअरहून जास्त वीजप्रवाह सोडून क्ष-किरण मिळवते. २०१५ च्या जानेवारीत निकाल प्रसिद्ध झाला. लोखंडाची अपारदर्शकता वेगवेगळ्या रंगांना गणितापेक्षा ३० ते ४०० टक्के जास्त भरली. सगळ्यांत बोचणारी गोष्ट अशी की रेषांच्या मधल्या फटीही गणित सांगते त्याहून जास्त बुजलेल्या निघाल्या, आणि रॉसलंड यांच्या नियमाने फटींनाच महत्त्व आहे. एवढी वाढ सूर्याच्या गणितात घातली तर हवी असलेली जवळपास निम्मी भरपाई होते.

गणिताच्या बाजूने अनेक गट कामाला लागले. कुणालाही एवढी वाढ देणारी क्रिया सापडली नाही. तैसुके नागायामा आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये त्याच यंत्रावर क्रोमियम आणि निकेल तपासले. आवर्तसारणीत हे दोघे लोखंडाच्या अलीकडे-पलीकडे बसतात. त्यांच्यात गणित आणि मोजमाप यांतली तफावत कमी निघाली. आखूड लहरींच्या बाजूचा तो मोठा वाढावा फक्त लोखंडात आणि फक्त वरच्या तापमानाला दिसला. यंत्राच्या चुकीने असे झाले असते तर क्रोमियम आणि निकेललाही तीच चूक भोवायला हवी होती. दुसरीकडे, अणूच्या भौतिकशास्त्रात लोखंडच तेवढे वेगळे वागेल, याला कारण सापडत नाही.

अशा वेळी एकच मार्ग उरतो: तेच मोजमाप, पण पूर्णपणे वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या चुका करणाऱ्या पद्धतीने. म्हणून नॅशनल इग्निशन फॅसिलिटीवर लेझरने हा प्रयोग नव्याने मांडण्यात आला. काही शलाका होलराउम तापवतात आणि त्यातला लोखंडाचा नमुना ताऱ्याच्या आतल्या स्थितीला आणतात. उरलेल्या शलाका काही अंतरावरची प्लॅस्टिकची पोकळ गोळी चिरडून क्ष-किरणांचा लखलखाट करतात. तो लखलखाट नमुन्यातून जाऊन स्फटिकाच्या वर्णपटमापकावर पडतो. तापमान किती, घनता किती, नमुन्याचा स्वतःचा प्रकाश किती, पार्श्वभूमीची धूसरता किती, हे सगळे वेगळे काढावे लागते. वर्षाला मोजकेच प्रयोग वाट्याला येतात, त्यामुळे काम संथ चालते. हा संथपणा मला योग्य वाटतो. इथे घाईने दिलेला आकडा प्रत्येक सूर्यसदृश ताऱ्याच्या वयात शिरणार आहे.

दरम्यान वर्णपटाच्या बाजूनेही वाद उघडला आहे. हायडेलबर्गच्या एकातेरिना माग आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सूर्याच्या जड द्रव्यांचे प्रमाण पुन्हा जुन्या, वरच्या आकड्याजवळ नेले. आस्प्लुंड यांचा गट आपल्या कमी आकड्यावर ठाम आहे. माग यांचे बरोबर असेल तर सूर्याला वाढीव अपारदर्शकतेची गरज उरत नाही. पण तरीही झेडवरच्या लोखंडाने ती दाखवली आहेच, आणि तिचे कारण द्यावेच लागेल.

भारतात एवढ्या ऊर्जेचे लेझर नाहीत. कुलाब्याच्या टाटा संस्थेत आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आहेत ते अत्यंत लहान स्पंदांचे, प्रचंड तीव्रतेचे लेझर. ऊर्जा थोडी, पण सेकंदाच्या लाखअब्जाव्या भागात ओतलेली. होलराउमचे प्रयोग त्यांवर होत नाहीत. तप्त आणि दाट द्रव्याचे दुसरे गुण मात्र तिथे उत्तम तपासले जातात. अशा प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्राची खळबळ कुलाब्याच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये मोजून दाखवली आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी या प्रयोगशाळांची वाट धरावी, असे मनापासून वाटते. या क्षेत्रात माणसे कमी आहेत आणि न सुटलेले प्रश्न पायाभूत आहेत.

सूर्यात ऑक्सिजन किती, या शाळकरी वाटणाऱ्या प्रश्नाला आज दोन उत्तरे आहेत. दोन्ही सक्षम लोकांची आहेत. पाठ्यपुस्तकात यापैकी एकच आकडा छापलेला दिसला, तर तो अजून कच्चा समजावा. लोखंडाचे मोजमाप दोन वेगवेगळ्या यंत्रांवर जुळत नाही, तोवर तो आकडा पक्का म्हणता येणार नाही.